पहिली ते पाचवीतल्या मुलांचं लक्ष आणि उतावळेपणा कसा तपासावा: शाळेत नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणारं, फळ्यावरचं अर्धंच उतरवून थांबणारं, बाकावर पाच मिनिटं न टिकणारं मूल बाई तुमच्याकडे पाठवतात. "याचं लक्षच नसतं, जरा बघा." अशा वेळी लॅपटॉप उघडून चाचणी लावायची आणि आलेला आकडा अहवालात उतरवायचा, हा मोह नव्या माणसाला फार होतो. तो टाळा. लक्षाच्या चाचणीत मूल चुकतं तेव्हा ती चूक बऱ्याचदा मुलाची नसून मांडणीची असते: नियम कळलेला नसतो, खुर्ची उंच असते, पोटात काही नसतं, फळा दिसतच नसतो. ही कारणं एकेक करून बाजूला काढल्यावर जे उरतं, तेच मोजण्यासारखं असतं.

हा लेख शाळेतले समुपदेशक, विशेष शिक्षक आणि मानसशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. इथल्या कोणत्याही चाचणीवरून 'एडीएचडी', म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता-उतावळेपणा यांचा विकार, आहे असं म्हणता येत नाही. ते निदान बालरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ किंवा नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. तुमचं काम आहे त्यांच्यापर्यंत नेमकी, विश्वासार्ह माहिती पोहोचवण्याचं.

१. आधी गोळा करायची कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं:
- पालकांचं लेखी संमतीपत्र, मराठीत. काय करणार, किती वेळ लागेल आणि निकाल कोणाला दिसेल, हे त्यात लिहिलेलं असावं.
- मुख्याध्यापकांची परवानगी.
- जन्मदाखल्यावरची जन्मतारीख. वय वर्षं आणि महिन्यांत काढा, इयत्तेवर जाऊ नका. एकाच दुसरीच्या वर्गात दोन मुलांमध्ये जवळजवळ वर्षाचा फरक असू शकतो आणि या वयात ते अंतर मोठं असतं. वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांवर 'चंचल' हा शिक्का जास्त बसतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.
- गेल्या सहा महिन्यांची हजेरी.
- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने केलेल्या तपासणीची नोंद, असेल तर.

सामान: लॅपटॉप, वायरचा कीबोर्ड, स्टॉपवॉच, जाड शिशाच्या चार पेन्सिली, छापलेल्या उत्तरपत्रिका, नोंदीसाठी पॅड, पाण्याची बाटली. खोडरबर मुलाच्या हाती देऊ नका. खोडत बसण्यात वेळ जातो आणि कुठे चूक झाली होती तेही पुसलं जातं.

२. लक्षाआधी शरीर

नजर आणि कान तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. चष्मा लागलेलं पण चष्मा नसलेलं मूल फळ्यावरचं उतरवताना शेजारच्याच्या वहीत डोकावतं आणि बाईंना ते 'इकडेतिकडे बघतंय' असं वाटतं. कानात सतत स्राव असणारं मूल सूचना अर्धीच ऐकतं.

आईला तीन गोष्टी विचारा: रात्री किती वाजता झोपतो आणि घोरतो का, सकाळी काय खाऊन येतो, आणि बोलताबोलता मध्येच काही सेकंद कोरा चेहरा करून थांबतो का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, विशेषतः त्या वेळी हाक मारूनही दाद मिळत नसेल, तर चाचणी थांबवा आणि आधी डॉक्टरांकडे पाठवा. फिट्सचा एक प्रकार असाच दिसतो आणि वर्गात तो 'तंद्री' म्हणून वर्षानुवर्षं निघून जातो.

हजेरीपटही इथेच बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातलं मूल दिवाळीच्या सुमारास गेलं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत आलं, तर वर्गात जे चाललंय ते त्याला समजत नसतं. न समजणाऱ्या गोष्टीकडे कोणाचंही लक्ष लागत नाही. घरी गोरमाटी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला मराठी सूचनाच अर्धवट कळते. अशा मुलाची चाचणी घेताना त्याची भाषा बोलणारं मोठं माणूस शेजारी हवं, निदान सूचना देताना तरी.

३. बाई आणि पालक काय सांगतात ते मोजा

एडीएचडीच्या निदानासाठी २०१३ पासून वापरात असलेल्या डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १८ लक्षणं आहेत: ९ लक्षाची, ९ अतिचंचलता-उतावळेपणाची. मुलांच्या बाबतीत कोणत्याही एका गटातली किमान ६ लक्षणं, निदान ६ महिने, दोन किंवा अधिक ठिकाणी आणि १२ वर्षांच्या आधीपासून दिसायला हवीत. 'दोन ठिकाणी' ही अट महत्त्वाची आहे. फक्त शाळेत किंवा फक्त घरी दिसणाऱ्या त्रासाचं कारण त्या ठिकाणातही असू शकतं.

म्हणून दोन स्वतंत्र प्रश्नावल्या भरून घ्या. ६ ते १२ वर्षांसाठी व्हॅन्डरबिल्ट प्रश्नावली सोयीची आहे. तिच्यात पालकांची आणि शिक्षकांची वेगळी आवृत्ती असते. प्रत्येक लक्षणाला ० ते ३ गुण असतात आणि २ किंवा ३ मिळाले तरच ते लक्षण धरायचं. ६ ते ९ वर्षांसाठी भारतात तयार झालेलं, इन्क्लेन या संशोधन संस्थेचं एडीएचडी निदान साधनही आहे, पण ते प्रशिक्षित माणसाने पालकांच्या मुलाखतीतून भरायचं असतं. कागद घरी पाठवून ते होत नाही.

इथे होणाऱ्या चुका:

जूनमध्ये शिक्षकांची प्रश्नावली घेणं. नव्या वर्गशिक्षिकेने मुलाला जेमतेम ओळखलेलं असतं. दिवाळीनंतर घ्या, किंवा गेल्या वर्षीच्या बाईंना विचारा.

आई-वडिलांनी एकत्र बसून भरणं. एकजण लिहितो, दुसरा मान डोलावतो. शक्य असेल तर वेगवेगळी भरून घ्या.

वाचता न येणाऱ्या पालकांची प्रश्नावली मोठ्या भावंडाकडून भरून घेणं. तुम्ही स्वतः वाचून दाखवा आणि प्रत्येक 'हो'ला एक प्रसंग विचारा: "शेवटचं असं कधी झालं? काय झालं?"

शेवटची चूक सगळ्यात जास्त नुकसान करते: शिक्षकांनी पाठवलेल्या मुलांवरच थांबणं. शिक्षक पाठवतात ती त्रास देणारी मुलं. शांतपणे खिडकीबाहेर बघणारी, कोणाला त्रास न देणारी मुलं, त्यातही मुली, वर्षानुवर्षं कोणाच्याच नजरेत येत नाहीत. बाईंना मुद्दाम विचारा: "गप्प असते पण अर्धंच ऐकते, अशी कोणी आहे का?"

४. वेळ आणि खोली

सर्वात चांगली वेळ म्हणजे परिपाठानंतरचा पहिला किंवा दुसरा तास. खिचडीच्या आधीचा अर्धा तास नको, पोट रिकामं असतं. जेवणानंतर लगेच नको, डोळे जड असतात. खेळाचा तास तर कधीच हिरावून घेऊ नका, नाहीतर मूल चाचणी लवकर संपवण्यासाठीच भराभर बटणं दाबेल आणि तुम्ही त्याला उतावळेपणा म्हणाल. घटक चाचणीचा आठवडा, स्नेहसंमेलनाची तालीम आणि सहलीचा आदला दिवसही वगळा.

खोली मैदानाच्या बाजूची नसावी. मूल भिंतीकडे तोंड करून बसावं, दाराकडे नाही. पाय जमिनीला टेकले पाहिजेत; शिक्षकांच्या खुर्चीवर पहिलीतल्या मुलाचे पाय लोंबकळतात आणि लोंबकळणारे पाय हलतातच. पायाखाली पाट किंवा पुस्तकांचा गठ्ठा ठेवा. तुम्ही मुलाच्या समोर न बसता बाजूला, जरा मागे बसा, म्हणजे त्याला उत्तरासाठी तुमच्या चेहऱ्याकडे बघता येणार नाही.

मूल औषध घेत असेल तर गोळीची वेळ नोंदवा. चाचणीसाठी गोळी बंद ठेवायला सांगण्याचा अधिकार तुमचा नाही, तो डॉक्टरांचा आहे.

५. वयाप्रमाणे चाचणी निवडा

लक्षाच्या चाचण्यांत दोन चुका मोजतात. जिथे उत्तर द्यायचं होतं तिथे दिलं नाही, ती सुटलेली चूक. तिचा संबंध लक्ष ढळण्याशी लावतात. जिथे थांबायचं होतं तिथे दाबलं, तो चुकीचा दाब. त्याचा संबंध उतावळेपणाशी. हे गणित दिसतं तितकं सरळ नाही, ते सातव्या पायरीत येईल.

वाचता न येणाऱ्या ६-७ वर्षांच्या मुलांना अक्षरांच्या चाचण्या देऊ नका. 'डोकं-पाय-गुडघे-खांदे' हा खेळ ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी वापरला जातो: तुम्ही 'डोक्याला हात लाव' म्हटलं की मुलाने पायाला लावायचा, 'पायाला' म्हटलं की डोक्याला. बरोबर केलं तर २ गुण, हात चुकीकडे निघाला पण स्वतःहून वळला तर १, चुकलं तर ०. हा मधला १ गुण फार मोलाचा आहे. निघालेला हात मध्येच अडवणं हीच तर रोखून धरण्याची क्षमता, आणि ती इथे डोळ्यांनी दिसते.

व्यावसायिक संगणकीय चाचण्यांत टोव्हा ही चाचणी अक्षरांऐवजी भौमितिक आकार वापरते, त्यामुळे माध्यमाचा प्रश्न येत नाही. ६ वर्षांपुढे ती सुमारे २२ मिनिटं चालते. पहिल्या अर्ध्या भागात दाबायची आकृती क्वचित येते, म्हणून लक्ष टिकतं का ते कळतं. दुसऱ्या भागात ती वारंवार येते, म्हणून हात थांबतो का ते कळतं. कॉनर्सच्या सीपीटीत, म्हणजे सलग लक्ष टिकवण्याच्या संगणकीय चाचणीत, उलट आहे: 'एक्स' सोडून प्रत्येक अक्षराला दाबायचं, ३६० अक्षरं, १४ मिनिटं. तिची तिसरी आवृत्ती ८ वर्षांपासून पुढे वापरायची. मराठी माध्यमातल्या दुसरी-तिसरीच्या मुलाला इंग्रजी अक्षरं ओळखायलाच जोर लागत असेल, तर ही चाचणी लक्षाऐवजी अक्षरओळख मोजेल.

जेरोम केगन यांची १९६० च्या दशकातली जुळत्या चित्रांची चाचणी अजून अनेक मानसशास्त्र विभागांत कपाटात असते. वर एक चित्र, खाली सहा जवळपास सारखी, त्यातलं नेमकं एक शोधायचं. पहिल्या उत्तराला लागलेला वेळ आणि चुका दोन्ही मोजायचे. पटकन उत्तर आणि जास्त चुका, म्हणजे घाई. कल्पना आजही उत्तम आहे, पण चित्रं त्या काळच्या अमेरिकेची आहेत. त्यातला काऊबॉय आपल्या मुलांना परका, तिथे ती नुसती बघत राहतात.

थांबण्याचा आवाज आला की उत्तर रोखायचं, ही स्टॉप-सिग्नल पद्धत ८ वर्षांखाली नको. लहान मुलं आवाजाची वाट बघत मुद्दाम हळू दाबू लागतात आणि सगळा हिशोब कोसळतो.

६. परवडणाऱ्या दोन चाचण्या, तपशीलासह

विकतच्या चाचण्या महाग आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत खालच्या दोन्ही जमतात. यांना प्रमाणित तक्ते नाहीत, म्हणून तुलना त्याच शाळेतल्या, त्याच वयाच्या किमान ३० मुलांशी करायची आणि अहवालात तसं स्पष्ट लिहायचं.

*खोडणी चाचणी.* आडव्या ए-फोर कागदावर १५ ओळी, प्रत्येक ओळीत २० आकार, एकूण ३००. सहा प्रकारचे आकार, प्रत्येक सुमारे ८ मिलिमीटरचा. त्यातले ६० लक्ष्याचे, समजा तारा; मुलाने प्रत्येक ताऱ्यावर पेन्सिलीने काट मारायची. प्रत्येक ओळीत नेमके ४ ठेवू नका. मुलं दोन ओळींत ते ओळखतात आणि चौथा तारा सापडला की उरलेली ओळ बघतच नाहीत. कुठे २, कुठे ६ असे पसरा. एकमेकांचे आरशातले वाटतील असे आकार टाळा, सहा वर्षांचं मूल त्यांत स्वाभाविकच गोंधळतं.

वेळ ३ मिनिटं. आधी दोन ओळींचा सराव. तुमच्या हातात तशीच दुसरी प्रत ठेवा आणि प्रत्येक मिनिटाला मुलाची पेन्सिल जिथे असेल तिथे तुमच्या प्रतीवर रेघ मारा. मुलाला थांबवू नका, रंग बदलायला लावू नका. पेन्सिलीची वाट बघा: ओळीने डावीकडून उजवीकडे जाते, की वर-खाली उड्या मारते? सारखेच २० तारे सुटलेल्या दोन मुलांपैकी एकाचे कागदभर विखुरलेले असतात, दुसऱ्याचे शेवटच्या मिनिटात साचलेले. बेरजेत हा फरक दिसत नाही, रेघांवरून दिसतो.

गुण देताना नेहमी होणारी चूक: मूल जिथे पोहोचलंच नाही तिथले तारे सुटलेले म्हणून धरणं. शेवटच्या खुणेपर्यंतच मोजा. पुढचं सगळं 'न पोहोचलेलं'. सावकाश, नीट काम करणारं मूल या एका चुकीमुळे 'लक्ष नसलेलं' ठरतं.

*दाब-थांब चाचणी.* सायकोपाय किंवा पेबल ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. दोन चित्रं घ्या: चेंडू आला की स्पेसबार दाबायचा, मांजर आली की नाही. एकूण १६० चित्रं, ४० च्या चार फेऱ्या. प्रत्येक फेरीत ३० चेंडू, १० मांजरी. चित्र अर्धा सेकंद दिसतं. एक चित्र आल्यापासून पुढचं येईपर्यंतचं अंतर दीड ते अडीच सेकंद, बदलतं ठेवा, नाहीतर मूल तालावर दाबू लागतं. एकूण वेळ साडेपाच मिनिटांच्या आत. चेंडू वारंवार येण्याचं कारण असं की हाताला दाबायची सवय लागली तरच थांबणं अवघड होतं. निम्मे-निम्मे ठेवलेत तर चाचणी सोपी होऊन जाते.

मोबाइल किंवा टॅबवर वेळ मोजू नका, काचेचा स्पर्श नोंदवायला उशीर लागतो आणि तो दर वेळी सारखा नसतो. ब्लूटूथ कीबोर्डचीही तीच अडचण. लॅपटॉप चार्ज करून न्या, वीज जातेच. पण चार्जर काढल्यावर पडदा मंद होतो आणि बॅटरी-बचत सुरू होते, ती आधी बंद करा. सूचनांचे टिंग-टिंग आवाजही बंद.

सूचना सगळ्या मुलांना एकसारखी, कागदावर लिहून ठेवलेली: "चेंडू दिसला की लगेच दाब. मांजर दिसली की दाबायचं नाही. जमेल तितकं लवकर, पण चुकू द्यायचं नाही." दोन्ही अर्धी हवीत. एका मुलाला नुसतं 'लवकर लवकर' आणि दुसऱ्याला नुसतं 'नीट बघून' सांगितलंत तर ती दोन वेगळ्या चाचण्या झाल्या. मग मुलाकडून नियम वदवून घ्या: "मांजर आली तर काय करशील?" सरावात ८ चेंडू, ४ मांजरी. १२ पैकी १० बरोबर आल्याशिवाय खरी फेरी सुरू करायची नाही. मधेमधे 'शाब्बास' म्हणायचं नाही, ते फेरी संपल्यावर.

७. आकडे वाचणं

१०० मिलिसेकंदांच्या आतला दाब वेगळा काढा. इतक्या लवकर कोणी चित्र बघून दाबत नाही, तो अंदाजाने टाकलेला हात असतो. वेळेची सरासरी न घेता मध्यक घ्या, कारण दोन-तीन फार उशिराचे दाब सरासरी बिघडवतात. वेळेतली चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, वेगळी लिहा. एका वेळी ३५०, पुढच्या वेळी ९००, परत ४००, अशी ओढाताण बऱ्याचदा चुकांच्या संख्येपेक्षा जास्त सांगून जाते.

समजा तीन मुलं आहेत.

पहिल्याचे १२० चेंडूंपैकी ५ सुटले, ४० पैकी २० मांजरींना दाब पडला, मध्यक ३४० मिलिसेकंद. लक्ष आहे, हात थांबत नाही. हे उतावळेपणाकडे बोट दाखवतं.

दुसऱ्याचे ३० चेंडू सुटले, त्यातले १६ शेवटच्या फेरीत. चुकीचे दाब ८, मध्यक ६२० मिलिसेकंद. सुरुवात बरी, मग लक्ष ओसरलं. याला उतावळा म्हणणं चूक ठरेल.

तिसऱ्याने सगळे १२० चेंडू दाबले आणि ४० पैकी ३९ मांजरीही. नवखा माणूस इथे 'तीव्र आवेगशीलता' लिहून मोकळा होतो. पण या मुलाने नियमच सोडून दिलाय, किंवा तो त्याला कळलाच नव्हता. ही चाचणी बाद. दुसऱ्या दिवशी, नव्या सरावासह पुन्हा.

चुकीचा दाब लक्ष नसल्यामुळेही पडतो, हेही ध्यानात ठेवा: डोळे खिडकीकडे, बोट आपलं चालूच. म्हणून चाचणी चालू असताना पॅडवर दर मिनिटाला नजर, हात, बोलणं, उठणं यांची खूण करत राहा. चूक होताच "अरेरे!" म्हणणारं मूल आणि चूक झाल्याचं कळलंच नाही असं मूल, या दोघांची बेरीज सारखी असली तरी पुढची मदत वेगळी लागते.

८. थांबून बघण्याची चाचणी: जपून

आत्ता एक बक्षीस की ३० सेकंदांनी दोन, अशा निवडीवरून मूल थांबू शकतं का ते बघतात. बक्षीस खाण्याचं ठेवू नका, स्टिकर किंवा पेन्सिल ठेवा. उपाशी मुलाने बिस्किट लगेच उचललं तर त्यात उतावळेपणा नाही. शिवाय ज्या मुलाला मोठ्यांनी दिलेले शब्द मोडल्याचा अनुभव आहे, त्याने हातातलं घेणं हा शहाणपणा आहे. कबूल केलेलं दुसरं बक्षीस सगळ्यांसमोर, न चुकता द्या, आणि या चाचणीचा निकाल एकट्याने कधी वापरू नका.

९. अहवाल आणि पुढची वाट

प्रश्नावली आणि चाचणी यांचे निकाल पुष्कळदा जुळत नाहीत. शांत खोलीत, एकास एक, सहा मिनिटं टिकणारं मूल पन्नास मुलांच्या वर्गात टिकत नाही. चाचणी चांगली आली म्हणून बाईंची तक्रार खोटी ठरवू नका, आणि चाचणी वाईट आली म्हणून घरी सगळं ठीक असलेल्या मुलावर शिक्का मारू नका. दोन्ही जसंच्या तसं लिहा.

भाषा अशी: "दाब-थांब चाचणीत, याच शाळेतल्या सात वर्षांच्या ३० मुलांच्या तुलनेत चुकीचे दाब जास्त. प्रतिसादाचा वेळ कमी. चूक झाल्यावर स्वतः ओळखतो. शिक्षक प्रश्नावलीत उतावळेपणाची ७ लक्षणं, पालक प्रश्नावलीत ३. चष्म्याची तपासणी बाकी." 'चंचल', 'हट्टी', 'मंद' हे शब्द अहवालात नकोत. 'एडीएचडी' हा शब्द फक्त "तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी" या वाक्यात.

पाठवायचं कुठे? जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किंवा मानसोपचार विभागात, नाहीतर आधी बालरोगतज्ज्ञांकडे. वाचन-लेखनातही अडचण दिसत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी सोबत मागा, दोन्ही अनेकदा एकत्र असतात. पालकांना आधीच सांगा की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. प्रमाणपत्राच्या अपेक्षेने फेऱ्या मारणाऱ्या आई-वडिलांचे बरेच दिवस त्यामुळे वाचतात.

तारीख मिळेपर्यंत बाईंना तीन गोष्टी करता येतात: मुलाला पुढच्या बाकावर, दारा-खिडकीपासून दूर बसवणं, एका वेळी एकच सूचना देणं, आणि दहा गणितांऐवजी पाच-पाचचे दोन कागद देऊन मध्ये फळा पुसायला किंवा वह्या वाटायला उठवणं. यासाठी निदानाची वाट बघावी लागत नाही.

कच्च्या उत्तरपत्रिका कुलपात ठेवा. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुलाचं नाव, गुण किंवा चाचणी देतानाचा फोटो टाकू नका, संमतीपत्रावर सही असली तरीही.